वॉर्डातून थेट वर्गात: नव्या नर्सिंग ट्यूटरने शिकवायची सुरुवात कशी करावी

सहा वर्षं मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयूत काढल्यावर मी एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून रुजू झाले. पहिलाच विषय वाट्याला आला फ्लुइड-इलेक्ट्रोलाइटचा. रात्री जागून ५२ स्लाइड्स केल्या, दोन तास घसा फोडून शिकवलं आणि शेवटी विचारलं, "काही शंका?" वर्ग चिडीचूप. मी खूश. म्हटलं, समजलं सगळ्यांना.

पुढच्याच आठवड्यात त्या बॅचची पोस्टिंग लागली. एका मुलीला म्हटलं, "५०० एमएल सलाईन चार तासांत जायचंय, मिनिटाला किती थेंब लावशील?" सूत्र तिने घडाघडा म्हणून दाखवलं आणि मग सलाईनकडे नुसती बघत राहिली. सूत्रातला ड्रॉप फॅक्टर (एका एमएलचे किती थेंब पडतात) म्हणजे सलाईनच्या नळीच्या, म्हणजे सेटच्या, पाकिटावर छापलेला आकडा, हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि पाकीट तर केव्हाच कचऱ्यात गेलेलं. ट्रॉलीवरून दुसरं पाकीट आणलं. एका एमएलला २० थेंब. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४२च्या आसपास. तिने घड्याळ समोर धरून, नळीवरचा रोलर पुढेमागे करत तो वेग स्वतः लावला. हे काम पाच मिनिटांचं होतं. माझे दोन तास त्याच्यापुढे फुकट गेले होते.

तेव्हापासून मी एकच पथ्य पाळते: विद्यार्थ्याने आधी बोलायचं किंवा करायचं, मी नंतर. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्यात. तुम्ही नुकत्याच ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर झाला असाल, तर निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नका.

आधी हाताशी काय हवं

- तुमच्या विषयाचा चालू अभ्यासक्रम, स्वतःची प्रत. भारतीय परिचर्या परिषदेचा बीएस्सी नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये आला आणि वार्षिक पद्धत जाऊन सत्र नि क्रेडिट आले. सीनियरकडून मिळालेल्या जुन्या नोट्स जुन्या अभ्यासक्रमाच्या असण्याची दाट शक्यता असते. तपासून घ्या.
- मास्टर रोटेशन आणि क्लिनिकल रोटेशन प्लॅन, म्हणजे वर्षभराच्या तासांचं आणि वॉर्डातल्या पाळ्यांचं वेळापत्रक. कुठली बॅच कधी कुठल्या वॉर्डात आहे हे कळलं, तरच वर्गातला विषय पोस्टिंगशी जुळवता येतो.
- युनिट प्लॅन, लेसन प्लॅन, प्रोसिजरच्या चेकलिस्ट, विद्यार्थ्यांची लॉगबुकं.
- तुमची एक खाजगी वही. कोण कुठे अडलं, कोणाचा हात चांगला बसलाय, हे त्याच दिवशी लिहायचं. इंटर्नलचे मार्क भरताना तुम्ही या वहीचे आभार मानाल.
- बुटाचा एक खोका. त्यात रिकाम्या व्हायल, सिरिंजची टोपणं, सेटची पाकिटं, जुने कोरे चार्ट. सुया नकोत. माझं सगळ्यात उपयोगी शैक्षणिक साहित्य हेच आहे.

१. तासाचं शेवटचं टोक आधी ठरवा

लेसन प्लॅनमध्ये आपण सर्रास लिहितो, 'विद्यार्थी निर्जलीकरणाची लक्षणं सांगू शकेल'. सांगू शकेल, ठीक आहे. पण जुलाबाने आलेलं दीड वर्षाचं बाळ समोर ठेवलं तर पोटाच्या त्वचेला चिमटा घेऊन ती किती वेळाने मागे जाते हे बघेल का?

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्यांचा एक पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. प्रत्येक तासाआधी स्वतःला विचारा, आज मला कुठल्या पायरीपर्यंत न्यायचंय? फक्त पहिलीच पायरी असेल, तर त्यासाठी साठ जणांना वर्गात कोंडायची गरज नाही, पानं नेमून द्या. तास वरच्या पायऱ्यांसाठी ठेवा.

२. पहिली पाच मिनिटं कोरा कागद

वर्गात शिरल्याबरोबर प्रोजेक्टर लावू नका. "वही बंद, मोबाइल बॅगेत. मागच्या तासाचं जे आठवतंय ते अर्ध्या पानावर लिहा." एवढंच. मार्क नाहीत, गोळा करायचं नाही. मग शेजारणीशी कागद ताडून बघायचा आणि राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने भरायचं.

यामागे भक्कम अभ्यास आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने मात्र ज्यांनी तो स्वतः आठवून लिहिला होता ते पुढे असतात. आपली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री हायलायटर घेऊन तेच पान चौथ्यांदा रंगवत असतात. त्यांना हे सांगाच.

इथली फसगत: पहिल्या दोन आठवड्यांत कागद कोरेच राहतात आणि तुम्हाला वाटतं, वेळ वाया जातोय. जाऊ द्या. तिसऱ्या आठवड्यापासून मुली घरून वाचून येऊ लागतात, कारण शेजारणीसमोर कोरा कागद ठेवायला लाज वाटते.

३. केस तुकड्यातुकड्याने उलगडा

सगळ्यात जास्त शिकणं इथे होतं, म्हणून जरा सविस्तर. पूर्ण केस एकदम छापून दिली की मुली शेवटचं वाक्य वाचून निदान सांगतात आणि विषय संपतो. वॉर्डात माहिती अशी आयती मिळत नाही. ती तुकड्याने येते, बरेचदा उशिरा येते.

माझी इन्सुलिनची केस देते. हवी तर जशीच्या तशी वापरा.

तुकडा पहिला: सकाळचे सव्वासात. ५८ वर्षांच्या आजी, मधुमेह, इन्सुलिन २० युनिट लिहिलंय. मुलाने बाहेरून व्हायल आणलीय. इथे मी खोक्यातली रिकामी व्हायल आणि लाल टोपणाची सिरिंज वर्गात फिरवते आणि विचारते, "आता काय कराल?" हमखास उत्तर येतं, "मॅडम, फाइव्ह राइट्स चेक करू." (योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग आणि वेळ.) मी म्हणते, करा. व्हायल हातोहात फिरते. सहसा तिसऱ्या बाकापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, की व्हायलवर एका एमएलला १०० युनिट लिहिलंय आणि लाल टोपणाची सिरिंज एमएलला ४० युनिटवाल्या इन्सुलिनची आहे. १००साठी केशरी टोपण लागतं.

तुकडा दुसरा: नाइटच्या सिस्टरने जाता जाता याच सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत ओढून दिलं. आजींच्या अंगात किती गेलं? हिशेब वहीत करायला लावा. ४०च्या सिरिंजवर २०ची रेघ म्हणजे अर्धा एमएल. १००च्या व्हायलमधलं अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट. आकडा निघतो तेव्हा वर्गात जी शांतता होते, ती माझ्या पहिल्या लेक्चरच्या शांततेपेक्षा फार वेगळी असते.

तुकडा तिसरा: दहा वाजता आजी घामाने निथळतायत, हात थरथरतोय, बोलणं अडखळतंय. नाश्त्याचं ताट झाकलेलंच. ग्लुकोमीटर रक्तातली साखर ४८ दाखवतो, म्हणजे फारच कमी. आधी काय? कोणी म्हणतं डॉक्टरांना बोलवू, कोणी म्हणतं साखर देऊ. दोन गट करा आणि वाद घालू द्या. गिळता येतंय का, हे कोणी विचारलं तर तिला शाबासकी. गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज लागेल. डॉक्टरांना दोन्हीकडे कळवायचंच.

तुकडा चौथा: आजी सावरल्या. आता कोणाला काय सांगाल आणि कागदावर काय लिहाल? हा तुकडा बऱ्याच ट्यूटर गाळतात. गाळू नका. चूक लपवायची की नोंदवायची, हे मुली पहिल्या वर्षातच ठरवून टाकतात, आणि ते त्या आपल्या तोंडाकडे बघून ठरवतात.

केसभोवती सगळा अभ्यासक्रम रचण्याची पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षणात सुरू केली. तिथे छोटे गट आणि प्रत्येक गटाला एक शिक्षक असतो. आपल्याकडे साठ-सत्तर जण आणि तुम्ही एकट्या. तेव्हा आख्खी पद्धत उचलायचा हट्ट नको. आठवड्याला एक केस, चाळीस मिनिटं, चार तुकडे एवढं जमलं तरी पुष्कळ.

४. डेमो चार वेळा द्या

लॅबमध्ये आपण एकदा डेमो देतो, तोही बोलत बोलत, पहिल्या रांगेलाच दिसेल असा. मग रीडेमो घेतो, म्हणजे मुलींकडून तेच करून घेतो, आणि चिडतो. पेटन या ब्रिटिश सर्जनच्या नावाने ओळखली जाणारी चार टप्प्यांची रीत वापरून बघा. बीपीचं उदाहरण घेऊ.

पहिला टप्पा: तुम्ही नेहमीच्या वेगाने, एक अक्षर न बोलता बीपी घ्यायचं. काम पूर्ण झाल्यावर कसं दिसतं ते डोळ्यांना कळतं.

दुसरा टप्पा: सावकाश, प्रत्येक कृती का ते सांगत. आधी नाडीवर बोट ठेवून कफ (दंडाला बांधायचा पट्टा) फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली की तो आकडा लक्षात ठेवायचा. मग हवा सोडून, पुन्हा त्या आकड्याहून ३० ने वर नेऊन स्टेथोस्कोप लावायचा. असं न केल्यास ठोके मधेच ऐकू येईनासे होतात त्या निःशब्द पट्ट्यात फसून वरचा आकडा कमी लिहिला जातो, हे इथे सांगा.

तिसरा टप्पा: विद्यार्थिनी बोलणार, तुमचे हात चालणार. ती सांगेल तेवढंच करायचं. "कफ बांधा" म्हणाली आणि कुठे ते सांगितलं नाही, तर खुशाल मनगटावर बांधा. वर्ग हसतो, आणि कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर हे तिला पक्कं होतं.

चौथा टप्पा: ती बोलत बोलत स्वतः करते.

वेळ नाही म्हणून तिसरा टप्पाच आधी कापला जातो. कापायचाच असेल तर दुसरा कापा, त्याचा व्हिडिओ आदल्या दिवशी ग्रुपवर टाका. शक्य असेल तर कॉलेजला दोन कानजोड असलेला टीचिंग स्टेथोस्कोप घ्यायला लावा. तिला जे ऐकू येतंय तेच तुम्हालाही ऐकू येतं, मग थाप चालत नाही. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर तीस पेशंटचा श्वास ओळीने २० लिहिलेला मी पाहिलाय. तुम्हीही पाहिला असेल. लिहिलाही असेल!

५. महागडा मॅनिकिन (रुग्णाची बाहुली) नसला तरी सिम्युलेशन, म्हणजे प्रसंगाचा सराव, होतो

नर्सिंगमधली पहिली बाहुली, मिसेस चेस, १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेत आली. ती ना बोलायची, ना श्वास घ्यायची, तरी तिच्यावर नर्सेसच्या पिढ्या शिकल्या. तेव्हा 'आमच्या लॅबमध्ये काहीच नाही' हे रडगाणं आवरतं घ्या. एक पलंग, रुग्ण बनायला तयार असलेली एक सीनियर विद्यार्थिनी आणि नातेवाईक म्हणून तुम्ही स्वतः, एवढं पुरे. नातेवाईक मीच होते, कारण वॉर्डात नवशिक्या नर्सला खरा घाम नातेवाईकच फोडतात.

आधी दोन मिनिटं सूचना, मग आठ-दहा मिनिटं प्रसंग. प्रसंग चालू असताना मधे पडायचं नाही, चूक दिसली तरी. संपल्यावर गोल बसून त्याच्या दुप्पट वेळ चर्चा. हीच चर्चा म्हणजे सिम्युलेशन. तिच्यासाठी वेळ नसेल तर प्रसंग घेऊच नका.

चर्चेत माझे ठरलेले प्रश्न तीन. काय घडलं? तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? पुन्हा तीच वेळ आली तर काय करशील? प्रश्न टाकल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपण उत्तर देऊन मोकळ्या होतो. साताच्या पुढे कोणीतरी बोलतंच.

६. वॉर्डात कमी बोला

वॉर्डात जाण्याआधी दहा मिनिटं आणि परतल्यावर पंधरा मिनिटं बॅचला एकत्र घ्या. सकाळी प्रत्येकीने आपल्या पेशंटबद्दल एक गोष्ट सांगायची: आज याचं काय बिघडू शकतं? या एका प्रश्नासाठी तिला फाइल उघडावीच लागते.

बेडजवळ वेळ मिळत नाही, तिथे मी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी मांडलेली पाच पावलं वापरते. तिचं मत घ्यायचं ("तुला काय वाटतं, काय चाललंय?"), कारण विचारायचं ("कशावरून?"), एकच नियम शिकवायचा, जे बरोबर केलं ते नेमकं सांगायचं, आणि चूक दुरुस्त करायची. पाच मिनिटांत होतं. "छान केलंस" हे नेमकं सांगणं नव्हे. "कॅथेटरची बॅग मूत्राशयाच्या खाली ठेवलीस आणि जमिनीला टेकू दिली नाहीस" हे नेमकं.

दोन गोष्टींची बंधनं. पेशंटला आधी विचारायचं, "काका, ही शिकतेय, मी शेजारी उभी आहे, हिने केलं तर चालेल ना?" नाही म्हणाले तर नाही. आणि पेशंटसमोर विद्यार्थिनीला झापायचं नाही. धोका दिसला तर हात धरून थांबवा, बोला बाहेर येऊन. मी शिकत असताना एका मॅडमनी मला भर वॉर्डात "तुला नर्स कोणी केलं?" विचारलं होतं. त्या दिवशी त्यांनी काय शिकवलं ते अजिबात आठवत नाही, ते वाक्य मात्र आठवतं.

इन्चार्ज सिस्टरशी पहिल्याच दिवशी जुळवून घ्या. तुमची दहा मुलं म्हणजे तिच्या दृष्टीने कामाला दहा हात. "आज कोणाला काय करू द्यायचं" हे तिच्याशी बोलला नाहीत, तर बॅच दिवसभर बेड करत आणि रिपोर्ट आणत फिरेल.

७. मराठीत बोलू द्या

पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत आणि वर्गातली निम्मी मुलं मराठी माध्यमातली. ती पाठ करतात, कारण इंग्रजीत विचार करायला जमत नाही. माझा नियम: संज्ञा इंग्रजीत, कारण मराठीत. "हायपोकॅलेमिया म्हणजे काय" याचं उत्तर इंग्रजीत द्या, पण पोटॅशियम कमी झाल्यावर हृदयाचे ठोके का बिघडतात ते मला घरी आजीला सांगाल तसं सांगा. सांगता आलं तर समजलंय.

पेशंट तर मराठीतच बोलतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री विद्यार्थिनीने सांगितलं, "उद्या एनबीएम, काही खायचं नाही." (एनबीएम म्हणजे तोंडावाटे काहीच नाही.) सकाळी बाईंनी चहा घेतला. चहा म्हणजे काय खाणं का? ऑपरेशन पुढे गेलं. त्या मुलीला मी दुपारी विचारलं, तू काय म्हणायला हवं होतंस? बराच विचार करून म्हणाली, "निर्जळी उपास." उत्तम शब्द, मला सुचला नसता. वर जोडायचं ते हे: ऐकणाऱ्याकडून परत वदवून घ्या. "सांगा बघू मावशी, उद्या सकाळी काय काय घ्यायचं नाही?"

८. केअर प्लॅन: एक, पण स्वतःचा

केअर प्लॅनच्या (पेशंटची काळजी कशी घ्यायची त्या आराखड्याच्या) वह्या सीनियरकडून ज्युनियरकडे वारशाने जातात. पेशंटचं नाव बदलतं, 'वेदना कमी होणे' तसंच राहतं. मी दहा मागायचं सोडलं. आता दोन मागते, पण प्रत्येक नोंदीखाली 'याच पेशंटला का' हा एक रकाना वाढवलाय. कॉपी तिथे अडकते.

सोबत पोस्टिंग संपताना एक पान अनुभव. काय झालं, काय वाटलं, काय बरं-वाईट, का, आणि पुढे काय. गिब्स यांच्या १९८८ च्या चक्राचा हा साधा अवतार. या पानाला मार्क देऊ नका, नाहीतर सगळ्याजणी 'मला सेवेचे महत्त्व कळले' असं लिहितात.

९. परीक्षा आधीच माहीत करून द्या

ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे १९७५ मध्ये मांडली. ठरलेली स्टेशनं, प्रत्येकाला सारखा वेळ, सारखी चेकलिस्ट. एक्स्टर्नलचा (बाहेरून आलेल्या परीक्षकाचा) मूड आणि वशिला या दोन्हींना त्यामुळे बराच चाप बसतो.

चेकलिस्ट विद्यार्थ्यांना सत्राच्या सुरुवातीलाच द्या. 'पेपर फुटला' म्हणून सहकारी नाक मुरडतील. मुरडू द्या. हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या साबणाने ४० ते ६० सेकंदांत व्हायला हव्यात, हे गुपित ठेवून कोणाचं भलं होणार आहे? मधल्या काळात मुलींना एकमेकींची परीक्षा घेऊ द्या. चेकलिस्ट हातात धरून दुसरीची चूक शोधणारी मुलगी स्वतः ती चूक सहसा करत नाही.

पहिली ओएससीई लावताना पाचच स्टेशनं ठेवा: एक थेंबांच्या हिशेबाचं, एक बीपीचं, एक हात धुण्याचं, एक नातेवाईकाशी बोलण्याचं आणि एक विश्रांतीचं. प्रत्येकी पाच मिनिटं. आदल्या दिवशी दोन मुलींना घेऊन पूर्ण फेरी मारून बघा, कुठे रांग तुंबते ते कळतं. बीपीच्या यंत्राची हवा गळत नाही ना ते पाहा. आणि थेंबांच्या स्टेशनवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ ठेवाल तेव्हा सोबत एक जादा सेलही ठेवा. माझं घड्याळ अकराव्या मुलीला बंद पडलं होतं.